पाण्याची लाइन, लिटर आणि रिकाम्या गोण्या: कोंबडीच्या आतड्यात प्लास्टिक आणि जंतू कुठून जातात आणि ते कसे अडवायचे

मायक्रोप्लास्टिक म्हटलं की दोन टाइपचे लोक भेटतात. एक म्हणतात चिकनमध्ये प्लास्टिक आहे, खाऊच नका, आणि दुसरे आपलेच शेडवाले, ते म्हणतात पक्षी ४० दिवसांत गाडीत चढतो, त्याच्या पोटात चार कण गेले तर काय बिघडलं. मला दोन्ही पटत नाही. ब्रॉयलरच्या, म्हणजे मांसासाठी पाळलेल्या कोंबड्यांच्या शेडमध्ये पक्षी मारतात ते जंतू, प्लास्टिक नव्हे, पण प्लास्टिक त्या जंतूंना बसायला जागा देतं आणि आतड्याचं अस्तर खरवडून त्यांचं काम सोपं करतं, आणि मुख्य म्हणजे दोघं येतात एकाच रस्त्याने. रस्ते तीन: पाणी, लिटर (म्हणजे शेडच्या जमिनीवर अंथरलेलं तूस) आणि गोणी. म्हणून हे सगळं शेडच्या कामाच्या क्रमाने लिहितोय, ज्याला जे लागू पडेल ते घ्या.

आधी आत काय होतं ते थोडक्यात

५ मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिकच्या तुकड्याला मायक्रोप्लास्टिक म्हणतात, म्हणजे गोणीचा तुटलेला बारीक धागासुद्धा त्यातच आला. कोंबडीला दात नाहीत, दळायचं काम गिझार्ड करतो, म्हणजे चिकनच्या दुकानात कलेजीबरोबर मिळतो तो पेटा. पक्षी खडे मुद्दाम उचलतो कारण दळायला लागतात, आणि प्लास्टिकचा कडक चकचकीत तुकडा त्याला खड्यासारखाच दिसतो. एकदा आत गेला की तो तिथे बराच काळ अडकू शकतो, घासला जातो, आणि बारीक झाला की पुढे आतड्यात.

२०१७ साली मेक्सिकोच्या कांपेचे भागातल्या परसबागांचा एक अभ्यास छापून आला होता, तिथे लोक घरचा प्लास्टिक कचरा अंगणातच जाळायचे आणि पुरायचे. मातीत एका ग्रॅमला १ पेक्षा कमी कण, गांडुळाच्या विष्ठेत जवळपास १५, आणि कोंबडीच्या विष्ठेत सरासरी १३० च्या आसपास सापडले, शिवाय प्रत्येक गिझार्डमध्ये सरासरी १० तुकडे. आता आपल्याकडे गावरान कोंबड्या उकिरड्यावर चरतात आणि त्याच उकिरड्यात दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, शाम्पूच्या सॅशे असतात, तर वेगळं काय होणार सांगा.

कोंबड्यांना खाद्यातून मुद्दाम प्लास्टिकचे कण देऊन जे प्रयोग झालेत त्यात आतड्याला सूज, आतली बारीक लव आखूड होणं, पेशींमधले सांधे सैल पडणं आणि चांगल्या-वाईट जंतूंचा तोल जाणं असं दिसलंय. पण एक लक्षात घ्या, प्रयोगातले डोस बरेचदा भरपूर असतात, आपल्या शेडमध्ये तेवढं जात असेलच असं नाही. त्यामुळे घाबरायचं कारण नाही, मात्र सांधे सैल झालेल्या आतड्यातून ई. कोलाय रक्तात घुसायला वेळ लागत नाही, हे ज्याने हृदयावर पांढरा पापुद्रा चढलेले पक्षी कापून बघितलेत त्याला सांगायला नको.

जंतूंमध्ये आपल्याला चार नावं पुरेत. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स, हा निरोगी पक्ष्याच्या आतड्यातही थोडा असतोच, पण कॉक्सीने अस्तर फाडलं की याला रान मोकळं मिळतं, विष सोडतो आणि नेक्रोटिक एन्टरायटिस, म्हणजे आतड्याचं अस्तर सडवणारा रोग होतो, साधारण २ ते ६ आठवडे वयात. ई. कोलाय, जो सगळीकडे आहे. साल्मोनेला, ज्याचे काही प्रकार पक्ष्याला मारतात आणि काही पक्ष्याला धक्का न लावता खाणाऱ्या माणसाला आजारी पाडतात. आणि कॅम्पिलोबॅक्टर, तोही तसाच, पक्षी ठणठणीत दिसतो आणि जुलाब माणसाला. कॉक्सी स्वतः बॅक्टेरिया नाही, तो आयमेरिया नावाचा एकपेशीय परजीवी आहे, पण दरवाजा बहुतेक वेळा तोच उघडून देतो म्हणून त्याला सोडून आतड्याचं बोलताच येत नाही.

स्टेप १: शेड रिकामी असतानाच प्लास्टिक शोधा

बॅच गेली, खत निघालं, की धुवायच्या आधी एक चक्कर फक्त प्लास्टिक बघायला मारा. आपल्याकडे सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे रिकाम्या खाद्याच्या गोण्या शिवून केलेले पडदे. स्वस्त पडतात, मान्य, पण त्या पॉलिप्रॉपिलीनच्या विणलेल्या गोण्या उन्हात टिकायला बनवलेल्याच नसतात, दक्षिण-पश्चिमेच्या उन्हाने एक-दोन उन्हाळ्यात कडक होतात आणि हात लावला की पांढऱ्या पट्ट्यांचा भुगा पडतो. तो भुगा कुठे पडतो? जाळीच्या कडेला लिटरवर, जिथे पक्षी बसतात. हात चोळून बघा, तळहाताला पांढरी पावडर किंवा धागे लागले तर तो पडदा बदलायचा, ठिगळ नको. नवीन घेताना उन्हात टिकणारा, यूव्ही ट्रीटमेंट केलेला घ्या आणि कडा दुमडून शिवून घ्या, नाहीतर पक्षी कडेचे धागे ओढत बसतात.

बाकी यादी सांगतो: उसवलेली हिरवी शेडनेट, तडकलेले फीडरचे ताट, चिक गार्डला (पिल्लांभोवतीच्या कुंपणाला) बांधलेल्या नायलॉन दोऱ्यांची टोकं, लसीच्या बाटल्यांची झाकणं, आणि पीव्हीसी पाइप करवतीने कापल्यावर खाली पडलेला पांढरा कीस. प्लंबर कधीच तो कीस उचलत नाही. पाइपच्या आतलाही कीस झटकून मग जोडा, नाहीतर तो निपलमध्ये (पक्षी चोच लावून पाणी पितो त्या तोटीत) अडकून निपल गळायला लागतं.

थर्माकोल मात्र वेगळंच प्रकरण आहे. पत्र्याखाली उन्हासाठी थर्माकोल लावलेला असेल तर लिटरमधले काळे किडे भिंतीने वर चढून त्यात बिळं करतात, भुगा खाली पडतो, आणि कोंबड्यांना थर्माकोल इतका आवडतो की दाणा सोडून तो टोचतात. वर हेच किडे साल्मोनेला एका बॅचमधून दुसऱ्या बॅचमध्ये नेतात. म्हणजे एकाच किड्याने प्लास्टिकही आणलं आणि जंतूही. पक्षी उचलल्यावर शेड गार पडायच्या आत किड्यांचं औषध मारा, कारण गार पडली की ते भेगांमध्ये आणि वर जाऊन लपतात.

स्टेप २: पाण्याची लाइन, इथे जीव ओता

निपल लाइनच्या टोकाचं बूच काढा आणि आत बोट फिरवा. बुळबुळीत लागलं? तो बायोफिल्म. प्लास्टिकच्या भिंतीवर जंतूंनी स्वतःचा चिकटा तयार करून त्यात घर केलेलं असतं आणि वरून वाहणारं क्लोरीन आतपर्यंत पोचत नाही. प्लास्टिक आणि बॅक्टेरियाची जोडी बघायची तर मायक्रोस्कोप नको, हे एवढं पुरे. या चिकट्यात वेगवेगळे जंतू खेटून राहतात आणि औषधाला दाद न देण्याचे जीन एकमेकांना देतात, त्यामुळे पुढे अँटिबायोटिक चालेनासं होतं ते का, याचं अर्धं उत्तर इथेच असतं.

आणि त्याला खायला कोण घालतं? आपणच. पिल्लं आली की गूळपाणी, मग व्हिटॅमिन, मग इलेक्ट्रोलाइट, सगळं गोड, सगळं लाइनमधून. गूळपाणी द्यायला माझी ना नाही पण ते चिक ड्रिंकरमधून द्या, लाइनमधून नको, आणि लाइनमधून काहीही गोड किंवा औषध दिलं की त्याच दिवशी प्रेशरने फ्लश करा.

रिकाम्या शेडमध्ये लाइन अशी धुवा: आधी पूर्ण पाणी काढा, मग एकेक लाइन वेगळी प्रेशरने फ्लश करा, सगळ्या एकदम उघडल्या तर प्रेशर मिळत नाही. नंतर स्टॅबिलाइज्ड हायड्रोजन पेरॉक्साइड लेबलवर रिकाम्या शेडसाठी जे प्रमाण दिलंय त्या प्रमाणात भरा, प्रत्येक निपल हाताने दाबून आत पोचलं का बघा आणि रात्रभर ठेवा. यातून गॅस सुटतो, त्यामुळे टोकाची हवा जायची नळी उघडी ठेवा नाहीतर लाइन फुगते. हातमोजे आणि चष्मा घाला, कातडीला लागलं तर पांढरं होऊन जळजळतं. सकाळी साध्या पाण्याने फ्लश, बाहेर येणारं पाणी बादलीत धरा, काय काय निघतं ते एकदा बघितलं की पुन्हा कुणी सांगायची गरज पडत नाही.

बॅच चालू असताना टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. हिशोब सोपा आहे: ताज्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन धरा, १००० लिटर पाण्यात ३ पीपीएम हवं म्हणजे ३ ग्रॅम क्लोरीन, म्हणजे ९ ते १० ग्रॅम पावडर. ती बादलीत कालवा, निवळू द्या, वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत, खालचा चुना टाकला तर निपल जाम. अर्धा तास थांबा. मग शेवटच्या निपलचं पाणी घेऊन क्लोरोस्कोपने किंवा पट्टीने तपासा, २ ते ४ पीपीएम मिळालं पाहिजे. टाकीत तपासून उपयोग नाही, टाकीत असतंच. क्लोरोस्कोप नसेल तर ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याकडे बघा, गावच्या पाण्यातला क्लोरीन बघायची ओटी टेस्ट तोच करतो. उघडी पडलेली, गोळे झालेली टीसीएल वापरू नका, तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो.

बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड आणि पीएच ८ च्या वर असतं, तिथे क्लोरीन लंगडं पडतं. पीएच ७.५ ला निम्मंच क्लोरीन कामाच्या रूपात असतं आणि ८.५ ला जेमतेम १० टक्के. म्हणून अ‍ॅसिडिफायर (पाणी आंबट करणारं औषध) टाकून पीएच ६ ते ६.५ वर आणतात. पण कृपा करून अ‍ॅसिडिफायर आणि टीसीएल एका बादलीत घट्ट कालवू नका, क्लोरीन वायू सुटतो आणि माणूस जाऊ शकतो. दोन्ही वेगवेगळे पातळ करून, वेगवेगळ्या वेळी टाकीत. लासोटा (राणीखेतची लस) किंवा गंबोरोची लस पाण्यातून द्यायची असेल तर ४८ तास आधी क्लोरीन बंद आणि नंतर २४ तास बंद, लसीच्या दर एक लिटर पाण्यात २.५ ग्रॅम स्किम मिल्क पावडर, आणि लस झाली की संध्याकाळी लाइन फ्लश, कारण दूध म्हणजे पुन्हा चिकट्याला मेजवानी.

स्टेप ३: लिटर कोरडं

आतड्याचे निम्मे आजार ओल्या लिटरमधून येतात असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. कॉक्सीची अंडी विष्ठेतून पडतात तेव्हा ती लगेच रोग करत नाहीत, त्यांना पिकायला ओल, ऊब आणि हवा लागते. ओल काढली की साखळी तुटली. मुठीत तूस घट्ट दाबा आणि सोडा: गोळा होऊन लगेच फुटला तर बरोबर, गोळा तसाच राहिला तर ओलं, गोळाच झाला नाही तर जास्तच कोरडं आणि धूळ होणार.

ओल बहुतेक निपलखाली असते. निपलची उंची रोज बघा, पक्ष्याने मान वर करून प्यायलं पाहिजे, आडवं होऊन नाही. फ्लोचा एक अंदाज: आठवड्याचं वय गुणिले ७ अधिक २०, एवढे मिली मिनिटाला, म्हणजे ५ व्या आठवड्यात ५५ मिली. मोजायचा ग्लास आणि मोबाईलचं घड्याळ, एवढ्यावर काम होतं. केक धरलेलं, म्हणजे पापुद्रा बसून घट्ट झालेलं लिटर उचलून बाहेर टाका, नुसतं उलटं करून झाकू नका. आणि तूस आणताना ते गोणी फाडून तिथेच ओतायची सवय असेल तर गोणीची फाटकी कड आणि शिवणीचा दोरा लिटरमध्येच जातो, आणि कोवळं पिल्लू पहिल्या आठवड्यात खाणं शिकत असतं तेव्हा तो दोरा त्याला गांडूळ वाटतो. ओढून गिळतं, आणि लांब दोरा असेल तर क्रॉपमध्ये (मानेखालच्या दाण्याच्या पिशवीत) गुंता.

स्टेप ४: खाद्य, गोणी आणि पहिला दिवस

गोणीची शिवण ओढून काढा, ब्लेडने फाडू नका. दोरा खिशात नाहीतर एका बादलीत, ही सवय कामावरच्या माणसाला लावायला वेळ लागतो पण फुकटची आहे. फीडरमध्ये ओतण्याआधी जाळीवरून एकदा नजर. गोणी जमिनीला टेकून ठेवू नका, खालून ओल धरते, बुरशी येते, आणि बुरशीचं विष आतड्याला प्लास्टिकपेक्षा कितीतरी लवकर मारतं. मका १४ टक्के ओलाव्याच्या आत असेल तरच साठवा. हॉटेलचं शिळं आणून घालणारे परसातले लोक असतील तर त्यांनी ते हाताने चाळावं, त्यात सॉसच्या पुड्या आणि स्ट्रॉ असतात.

पिल्लं आल्यावर २ तासांनी काही पिल्लांचे क्रॉप चाचपा, १०० पैकी निदान ७५ भरलेले हवेत, २४ तासांनी ९५. जो क्रॉप पहिल्या दिवशी रिकामा राहिला त्याचं आतडं मागेच राहतं. ब्रूडिंगला, म्हणजे पिल्लांना ऊब देताना, खाली कागद अंथरा, प्लास्टिकचा कागद नको. स्वतः खाद्य बनवत असाल तर मका अगदी पीठ करू नका, थोडा जाडसर ठेवला तर गिझार्ड बळकट होतो, त्यातला आंबटपणा वाढतो आणि खाण्यातून आलेले बरेच जंतू तिथेच मरतात.

चांगले जंतू आधी बसवणं ही कल्पना नवीन नाही, १९७३ साली फिनलंडच्या नुर्मी आणि रँटाला यांनी दाखवलं की मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जंतू एक दिवसाच्या पिल्लाला दिले तर साल्मोनेलाला जागा मिळत नाही. हॅचरीचं पिल्लू आईला भेटतच नाही म्हणून आपल्याला प्रोबायोटिक द्यावं लागतं. खाद्यातून द्यायचं तर बॅसिलसवाले, ते पेलेटच्या उष्णतेत टिकतात. पाण्यातून लॅक्टोबॅसिलस देणार असाल तर त्या दिवशी क्लोरीन बंद, नाहीतर पैसे टाकीतच मेले. आणि आतड्यातलं प्लास्टिक बाहेर काढणारी बाटली कुणी विकायला आला तर चहा पाजून परत पाठवा, गेलेलं प्लास्टिक काढायचं औषध नाही.

स्टेप ५: विष्ठा वाचा, पेटा कापा

रोज सकाळी लिटर वाचायचं. तपकिरी-हिरवट घट्ट आणि वर पांढरी टोपी म्हणजे नॉर्मल. चॉकलेटी चिकट लगदा अधूनमधून दिसतो, तो सीकमचा (आतड्याच्या शेवटाकडच्या बंद पिशव्यांचा), तोही नॉर्मल. केशरी फेसाळ, दाणे न पचलेले, किंवा रक्त दिसलं तर थांबू नका. रक्त म्हणजे बहुधा सीकमची कॉक्सी. पक्षी पंख पाडून बसलेत, खाद्य कमी झालं, पाणी तेवढंच, आणि ताजा मेलेला उघडला तर आतडं फुगलेलं, भिंत पातळ, आत टॉवेलसारखा खरखरीत पिवळट थर आणि घाण वास, तर नेक्रोटिकचा संशय घ्या आणि डॉक्टरला फोन करा.

आता प्लास्टिकची टेस्ट, ही घरी होते. मेलेल्या किंवा कटिंगच्या ५-६ पक्ष्यांचे पेटे कापा, आतला ऐवज पांढऱ्या ताटात भरपूर पाण्यात ढवळा. खडे आणि पीव्हीसी खाली बसतात, गोणीचं पॉलिप्रॉपिलीन आणि पिशवीचं पॉलिथिन पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे वर येतं. तूसही वर येतं म्हणून संशयित तुकड्याला तापवलेल्या सुईचं टोक लावा, प्लास्टिक वितळतं किंवा आक्रसतं, तूस काळा पडून जळतो. निळा धागा निघाला तर निळी दोरी कुठे आहे शोधा, पांढरी पट्टी निघाली तर पडदा. अगदी बारीक कण यात दिसणार नाहीत, पण डोळ्याला दिसणारं जेवढं थांबवाल तेवढं पुढचं बारीक व्हायचं थांबतं.

स्टेप ६: औषध, आणि केव्हा नाही

पातळ विष्ठा दिसली की दुकानात जाऊन अँटिबायोटिक आणायचं आणि पाण्यात टाकायचं ही आपली जुनी खोड. ते चांगले जंतूही मारतं आणि लाइनमधल्या चिकट्यातले टिकून राहतात. आधी ताजे मेलेले किंवा आजारी जिवंत पक्षी लॅबला न्या. औंध, पुणे इथे पशुसंवर्धनची रोग अन्वेषण लॅब आहे, शिवाय शिरवळ, परळ, परभणी, उदगीर, नागपूर इथली व्हेटर्नरी कॉलेजं आहेत. मेलेले पक्षी बर्फावर न्या, फ्रीजरमध्ये गोठवून नको. जंतू कोणता आणि त्याला कोणतं औषध लागू पडतं ही सेन्सिटिव्हिटी टेस्ट करून मागा.

कोलिस्टिन हे अँटिबायोटिक २०१९ पासून जनावरांसाठी आणि पोल्ट्रीसाठी बंद आहे, जुना साठा दाखवून कुणी दिलं तरी घेऊ नका. खाद्यात सॅलिनोमायसिन किंवा मोनेन्सिन (कॉक्सीची औषधं) असेल आणि वरून टायाम्युलिन हे अँटिबायोटिक दिलं तर पक्षी पाय टाकतात आणि मरतात, म्हणून डॉक्टरला खाद्याचं लेबल फोटो काढून पाठवा, नुसतं नाव सांगू नका. औषधाचा विथड्रॉवल काळ (शेवटच्या डोसनंतर पक्षी विकायच्या आधी थांबायचे दिवस) संपल्याशिवाय गाडी बोलावू नका. आणि एकदम भरपूर मर झाली, डोकं सुजलेलं, तुरा निळा, तर पोस्टमॉर्टेम करत बसू नका, पक्षी न उघडता सरकारी दवाखान्यात कळवा.

खत विकताना

शेवटचं काम बहुतेक लोक विसरतात. आपलं लिटर द्राक्षाला, उसाला, हळदीला जातं, आणि त्यातल्या गोण्यांच्या पट्ट्या त्या मातीत वर्षानुवर्षं राहतात, कारण शेणखत कुजतं, पॉलिप्रॉपिलीन नाही. भरण्याआधी दाताळ्याने दोऱ्या आणि गोण्यांचे तुकडे बाजूला काढा, आणि ते शेडमागे जाळू नका, राखेत उरलेले अर्धवट वितळलेले गोळे पुढच्या पावसात शेडच्या कडेला येतात आणि गावरान कोंबड्या तेच टोचतात. भंगारवाला स्वच्छ गोण्या घेतो, फाटक्या पट्ट्या एका गोणीत कोंबून त्याच्याच गाडीत टाका, तो सहसा नाही म्हणत नाही.